वांध्याचा रकाना

हॉटेलात जे लोक येतात त्यांचे किस्से होत नाहीत. येतात, राहतात, साबणाची वडी खिशात घालून निघून जातात. किस्से होतात ते न येणाऱ्यांचे. त्र्यंबक नाक्याजवळच्या आमच्या हॉटेलात मी एकोणीस वर्षं बुकिंगच्या टेबलावर काढली, आणि न आलेल्या माणसांचंच एक जाडजूड रजिस्टर माझ्या डोक्यात तयार झालंय. मित्र जमले की म्हणतात, "देवरे, काढा एखादं पान." मी काढतो. शेवटचं पान मात्र मी सहसा काढत नाही. आज काढणार आहे, म्हणून जरा सबुरीनं ऐका.

आधी आमचे मालक समजून घ्या. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. पंचवीस वर्षं कांदा केला, मग नाशिकला येऊन अठ्ठावीस खोल्यांचं हॉटेल बांधलं. हॉटेल आलं, पण डोक्यातलं मार्केट काही गेलं नाही. बोलायचे शहरातलं मराठी, आणि मन हललं की अहिराणीवर यायचे.

कांदा मार्केटात लिलाव झाला की शेतकऱ्याची ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथं माल ओतताना खाली खराब निघाला तर व्यापारी तक्रार काढतो. त्याला म्हणतात वांधा. तात्यांचं म्हणणं असं, की वांधा काढायचा तर ट्रॉलीजवळ उभं राहून काढायचा, शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघून, आणि माल हातात धरून दाखवायचा की बाबा, हे असं आहे. माणूस पाठवून निरोप देणाऱ्या व्यापाऱ्याला ते व्यापारीच मानायचे नाहीत.

तोच कायदा त्यांनी हॉटेलला लावला. पाचापेक्षा जास्त खोल्या घेतल्या तर करार व्हायचा, स्टँपपेपरवर. शेवटचं कलम असं: 'बुकिंग रद्द करणाऱ्याने समक्ष येऊन रजिस्टरमध्ये स्वहस्ते कारण लिहावे.' रजिस्टरात त्यासाठी वेगळा रकाना आखलेला होता. वर छापलं होतं 'कारण', पण आम्ही सगळे त्याला वांध्याचा रकाना म्हणायचो. पार्टीनं समोरच्या खुर्चीवर बसून कारण लिहायचं, तात्यांनी ते वाचायचं. पटलं तर सही करायची, ॲडव्हान्स परत, आणि मग चहा. सही आधी, चहा नंतर. चहा आला म्हणजे माणूस सुटला.

मला हा सगळा प्रकार म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. फोन उचलायचा, कॅन्सल म्हणायचं, फुली मारायची, संपलं. पण पगार तात्या देत होते.

*

मी लागलो त्याच वर्षीची गोष्ट. सुरतच्या एका पार्टीचा फोन आला. चौदा खोल्या, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर दर्शनाच्या. म्हणाले, कॅन्सल. मी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "या म्हणावं."

"तात्या, सुरतेहून?"

"सुरतेहून बुकिंग करायला आले होते ना? रस्ता माहीत आहे त्यांना."

आला बिचारा. पन्नाशीचा माणूस, कपाळाला घाम. खुर्चीवर बसला आणि रकान्यात हिंदीत लिहिलं, 'बस नहीं मिली.' तात्यांनी वाचलं, चष्मा काढला. "तुम्ही कशानं आलात?"

"बसनं," तो म्हणाला. आणि स्वतःच खाली बघायला लागला.

मग खरं निघालं. दोन भावांच्या बायकांचं बिनसलं होतं, आणि एकीनं शपथ घेतली होती की दुसरी ज्या बसमध्ये असेल त्या बसमध्ये पाय ठेवणार नाही. एवढं सांगताना त्या माणसाचे डोळे भरले, कारण तो तिसरा भाऊ होता आणि ही यात्रा त्यानं दोघांना एकत्र आणायलाच काढली होती. तात्यांनी पहिलं वाक्य त्याच्याकडूनच खोडून घेतलं, खाली खरं लिहून घेतलं, सही केली. चहा आला. जाताना तो म्हणाला, "घरी कुणी विचारलं नाही, तुम्हीच विचारलंत."

त्या दिवसापासून मी फुली मारायची भाषा बंद केली.

*

नियम दुसऱ्यांसाठीच होता असं कुणाला वाटू नये म्हणून हा किस्सा सांगतो. यात माझंच नाक कापलं गेलंय.

आमच्याकडे दोन रजिस्टरं होती. लग्नाच्या पार्ट्या तिथीनं बोलायच्या, म्हणून लग्नाचं रजिस्टर तिथीवार. कंपन्या तारखेनं बोलायच्या, म्हणून त्यांचं तारखेवार. रोज सकाळी कालनिर्णयासारखं पंचांग समोर ठेवून दोन्ही जुळवणं हे माझं काम. एका वैशाखात मी ते चार दिवस केलं नाही. आणि एकाच दिवसाला सगळ्या अठ्ठावीस खोल्या दोनदा दिल्या. एक लग्न, आणि जळगावच्या एका बियाणं कंपनीची मीटिंग.

लग्नाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, जळगावला फोन करतो, माफी मागतो. तात्या म्हणाले, "रजिस्टर पिशवीत घाला."

आम्ही दोघं एस.टी.नं जळगावला गेलो. मांडीवर रजिस्टर. कंपनीच्या साहेबांसमोर तात्या खुर्चीवर टेकले, पेन काढलं आणि वांध्याच्या रकान्यात लिहिलं, 'माझी चूक.' खाली सही. माझं नाव कुठंही नाही. साहेब गोंधळून गेले. म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी आलात? फोन केला असता तरी चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं," तात्या म्हणाले.

परतीच्या रस्त्यात मी म्हटलं, तात्या, चूक माझी होती, माझं नाव लिहायला हवं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "करारावर सही कुणाची होती?" मला त्या वेळी एवढं वाईट वाटलं की धुळे येईपर्यंत मी ते रजिस्टर मांडीवर घट्ट धरून बसलो.

*

सातपूरच्या एका कारखान्यानं डीलर लोकांसाठी वीस खोल्या घेतल्या होत्या. आठ दिवस आधी टाइप केलेलं पत्र आलं, लेटरहेडवर, 'अपरिहार्य कारणास्तव'. तात्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "अपरिहार्य म्हणजे काय हो, देवरेभाऊ?"

"म्हणजे टाळता न येणारं."

"ते कळलं. पण काय?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला. रागावलेलेच होते. म्हणाले, कंपनीचं पत्र आहे, यापेक्षा जास्त काय लागतं तुम्हाला? तात्यांनी पेन पुढे केलं. मॅनेजरनी पेन घेतलं, आणि ते तसंच धरून बसले. खूप वेळ. मग लिहिलं, 'कारखाना बंद होत आहे. मला काल कळले.'

मी विचारलं, "मग तुम्ही आज कामावर कसे?"

"हे तेवढं राहिलं होतं," ते म्हणाले. "आपल्या हातानं बुक केलं होतं."

तात्यांनी सही केली. आमच्या वेटर महादूनं चहा आणला. मॅनेजरनी एक कप घेतला, मग दुसरा मागून घेतला. त्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेला माणूस, आणि जायची घाई त्याला अजिबात नव्हती.

*

आता मनीषा. तात्यांची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाली आणि दुपारी माझ्या शेजारी काउंटरवर बसायला लागली. मला काका म्हणायची. अक्षर सुरेख, आणि हिशोबात माझ्यापेक्षा तरबेज. तिनं आल्यावर दोन रजिस्टरांचं एक केलं, एका पानावर तिथी आणि तारीख शेजारी शेजारी. मला इतकी वर्षं ते सुचलं नव्हतं.

तिचं लग्न ठरलं देवळ्याला. कांदा व्यापाऱ्याचं घर, तात्यांची जुनी ओळख, मुलगा शिकलेला. साखरपुडा झाला. तात्यांनी आपल्याच हॉटेलातल्या सगळ्या खोल्या चार दिवसांसाठी घेतल्या, आणि म्हणाले, करार करा. मी हसलो. "तात्या, स्वतःशीच करार?"

"नियम तो नियम. पार्टी म्हणून मनीषाची सही घ्या. लग्न तिचं आहे."

मनीषानं सही केली. मी शेजारी होतो म्हणून सांगतो, सही करायला तिला मॅनेजरएवढाच वेळ लागला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तिनं मला विचारलं, "काका, कारण सांगता येत नसेल तर तात्या सोडतात का हो कुणाला?" मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. तिला हे लग्न नको होतं.

"मुलात काही आहे का?" मी विचारलं.

"तेच तर. काहीच नाही. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, माणसं बोलायला गोड आहेत. वांधा काढायला काही नाही. पण मला नको आहे. आईला सांगितलं तर आई म्हणते, तात्यांना विचार. तात्यांना मी हातात धरून काय दाखवू?"

मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून राग येतो, मी स्वतः धरून.

*

मधे एक हलकी गोष्ट घडली. अकोल्याच्या एका कुटुंबानं बारा खोल्या घेतल्या होत्या, त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांची पूजा होती, सगळे नातेवाईक येणार होते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून. रद्द करायला नवरा एकटाच आला. लिहिलं, 'डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय.'

तात्यांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात विचारलं, "काय आजार आहे?"

तो माणूस लाजून एवढासा झाला. "आजार नाही," म्हणाला. "तिसरा महिना आहे."

तात्यांनी सही करून महादूला पेढे आणायला पिटाळलं. मनीषा शेजारीच होती, तीही हसली. मग रकान्यातलं ते वाक्य तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि रजिस्टर मिटलं. मला कळलं की ती रोज त्या रकान्यात आपल्यासाठी एखादं कारण शोधत होती. तिच्या लग्नाला दोन महिने उरले होते.

*

आणि मग आहिरे मास्तर आले.

येवल्याकडचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या एका जुन्या वर्गाला एकत्र बोलावलं होतं, दहा खोल्या, दोन दिवस. सगळ्या मुलांना पत्रं त्यांनी स्वतः लिहिली होती. बुकिंग करताना मला प्रत्येक मुलाची हकिगत सांगितली होती, कोण कुठं आहे, कोण वर्गात काय करायचा. आणि आठवडा आधी हे मास्तर धोतराचा सोगा सावरत आले, खुर्चीवर बसले, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'इच्छा नाही.'

तात्यांनी वाचलं. "मास्तर, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मुलं येत नाहीत म्हणाली?"

"सगळी येणार होती."

"घरात काही?"

"नाही. इच्छा नाही. एवढंच आहे, आणि ते खरं आहे."

तात्या म्हणाले, "मास्तर, इच्छा नाही हे कारण झालं नाही. माल नको तर माल काय खराब आहे ते दाखवावं लागतं."

मास्तरांनी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. तात्यांनी सही केली नाही, म्हणून चहाही आला नाही. मग मास्तर उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. ॲडव्हान्स मागितला नाही. मनीषा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली, त्यांना रिक्षात बसवून आली. येऊन तात्यांसमोर उभी राहिली.

"तात्या, ते खरं बोलत होते."

"खरं बोलले, पण कारण नाही बोलले."

"प्रत्येक गोष्टीला कारण असतं का?"

"असतं. लोकांना सांगायचं नसतं."

"आणि नसलंच तर?"

तात्या तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल ती मास्तरांचं बोलतेय. मला माहीत होतं ती कुणाचं बोलतेय, आणि तेव्हाही मी गप्प बसलो. तिला जे ऐकायचं नव्हतं तेच तिनं ऐकलं होतं. 'इच्छा नाही' हे चालत नाही, हे आता रजिस्टरात नोंदलं गेलं होतं, तात्यांच्या सहीशिवायचं एकमेव पान म्हणून.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. पानं दुमडलेली तात्यांना खपत नसत, माझ्यावर त्यावरून दोनदा ओरडले होते. दोन दिवसांनी बघितलं तर मास्तरांच्या पानाचा कोपरा दुमडलेला. मी सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुमडलेला.

*

शेवटचं पान.

पत्रिकेचा मजकूर छापखान्यात द्यायचा होता. दुपारचे तीन वाजले असतील. तात्या आपल्या खुर्चीवर बसून मजकुरातली नावं तपासत होते, कोणाच्या आधी कोण. मनीषा त्या दिवशी काउंटरच्या आत आली नाही. बाहेरून आली, पार्टी जशी येते तशी, आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

तात्यांनी मान वर केली. "तिथं काय बसलीस? आत ये."

"काका, रजिस्टर द्या," ती म्हणाली.

मी रजिस्टर दिलं. तिनं आपलं पान काढलं, पेन काढलं, आणि वांध्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले. मग रजिस्टर फिरवून तात्यांपुढे सरकवलं.

'इच्छा नाही.'

तात्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. त्यांच्या हातात पत्रिकेचा कागद होता, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"काय व्हयनं, माय?"

"काही झालं नाही, तात्या."

"पोरगा काही बोलला?"

"नाही. चांगला आहे."

"दुसरं कुणी मनात शे?"

"नाही."

"मग वांधा काय शे?"

"वांधा नाही," मनीषा म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "माल चांगला आहे. मला नको आहे. मी समोर बसून सांगतेय. यापेक्षा जास्त माझ्याकडे काही नाही."

महादू दारात येऊन थांबला होता. मला वाटलं आता तात्या उठतील, आणि मास्तरांसारखीच ही पोरगीही उठून जाईल, आणि मग लग्नाच्या वेळी अठ्ठावीस खोल्या भरतील. मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "तात्या, मला माहीत होतं. ती खरं बोलतेय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी पेन उचललं.

"देवळ्याला तुला यावं लागंल," ते म्हणाले. "मी बरोबर असंन. पण बोलायचं तू."

"बोलेन."

त्यांनी सही केली. मनीषानं पदराला डोळे पुसले. महादू चहाला वळला, तर तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. रजिस्टर परत आपल्याकडे ओढलं, मागे गेले, आणि न शोधता दुमडलेल्या कोपऱ्याचं पान उघडलं. त्यावरही सही केली. शाई वाळेपर्यंत पानावर हात धरून बसले.

"देवरेभाऊ," म्हणाले, "येवल्याला जायचं. रजिस्टर पिशवीत घाला."

"फोन लावून बघू का आधी?"

"नको," तात्या म्हणाले. मग महादूकडे वळून म्हणाले, "चहा एकच आण. पोरीचा. मी मास्तरांच्या घरी घेईन, त्यांनी दिला तर."